कॉर्नवॉलचे संगीत पर्यटकांसाठी घडवलेले नाही

ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलविषयी एक मत समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. कॉर्निश या स्थानिक भाषेची शेवटची भाषक मानली जाणारी डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली तेव्हाच ती भाषा संपली, आणि आज जे कॉर्निश संगीत म्हणून ऐकवले जाते ते मुळात इंग्रजीच असून त्यावर अलीकडे पर्यटकांसाठी केल्टिक मुलामा चढवला गेला, असा हा दावा आहे. तो तपासला तर टिकत नाही.

पर्यटनाचा मुद्दा कालगणनेवरच कोसळतो. कॉर्नवॉलला उर्वरित इंग्लंडशी जोडणारा टेमर नदीवरील मोठा रेल्वेपूल १८५९ मध्ये खुला झाला, तर हेल्स्टन गावात ८ मे रोजी होणाऱ्या फरी नृत्याचे वर्णन 'जेंटलमन्स मॅगझिन'ने १७९० मध्येच छापले होते. आजही त्या दिवशी बँड एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत गावभर फिरतो आणि त्यामागून नाचणारी जोडपी लोकांच्या घरांत व दुकानांत एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. घरमालकांनी पिढ्यान्‌पिढ्या दारे उघडी ठेवल्याशिवाय अशी प्रथा चालूच शकत नाही.

भाषेच्या बाबतीत, भाषा संपली म्हणजे गाणेही संपले असे हा दावा गृहीत धरतो. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादले गेले, तेव्हा आपल्यापैकी काहींना इंग्रजी समजतच नाही असे कॉर्निश बंडखोरांनी आपल्या मागण्यांत लिहिले होते, आणि ते बंड रक्तपाताने चिरडले गेले. तरीही १६९८ मध्ये कार्क्ल्यू येथे कॉर्निश भाषेतले गाणे गायले गेल्याची नोंद आहे. पुढे बोली मागे पडली, पण गाणे थांबले नाही. डेव्हिस गिल्बर्ट यांनी १८२२ मध्ये जुनी नाताळगीते छापली, ती मुख्यतः या भागात गायली जाणारी होती. शब्द इंग्रजी असले, तरी गाणारा समाज तोच होता.

काही चाली बाहेरून आल्या, हे खरे आहे. नाताळात कॉर्नवॉलमध्ये आवडीने गायली जाणारी 'लिंगम' ही चाल नॉर्थॅम्प्टनशायरच्या थॉमस जारमन यांची आहे. कॉर्निश टार्टन, म्हणजे चौकड्यांचे लोकरी कापडही १९६३ चे आहे, आणि त्याला प्राचीन म्हणणाऱ्यांना जरूर टोकावे. मात्र कापडाच्या वयावरून गाण्याचे वय ठरवणे हा तर्क नव्हे. बाहेरची चाल स्वीकारून ती आपल्या पद्धतीने गाणे हे जगातल्या बहुतेक लोकपरंपरांत घडत आले आहे, त्यामुळे कॉर्नवॉललाच वेगळी फूटपट्टी लावण्याचे कारण दिसत नाही.

या दाव्यात ज्यांचा उल्लेखही नसतो, ते म्हणजे खाणकामगार. १९ व्या शतकात तांबे आणि कथिलाच्या खाणी बंद पडू लागल्या, तेव्हा कॉर्निश कुटुंबे कॅलिफोर्निया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियापर्यंत पांगली, तर काही माणसे आपल्याकडील कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आली. कॉर्नवॉलमधील इलोगनचे थॉमस मेरिट हे स्वतः लहान वयात खाणीत राबलेले संगीतकार होते आणि १९०८ मध्ये वारले. त्यांची नाताळगीते कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅलीत खाणकामगारांच्या गायकवृंदाने गायली. तिथे त्यांच्यासमोर कोणी पर्यटक नव्हते. खाणीत सोबत उतरणारी त्यांचीच माणसे ऐकत होती.