फ्रेडी नुसत्या मेकअपवर उभा नव्हता

नाशिकच्या हौशी नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या हॉलिवूडच्या भयपटात फ्रेडी क्रूगर, म्हणजे स्वप्नात येऊन मारणारा जळक्या चेहऱ्याचा खुनी, झालेल्या रॉबर्ट एन्ग्लंडला अभिनय करावाच लागला नाही, सगळं मेकअपनं निभावलं. पुढे त्या एका भूमिकेनं त्याचं करिअर खाल्लं. तेव्हा पोरांनो, राज्य नाट्य स्पर्धेत भुताराक्षसांची कामं घेऊ नका, शिक्का बसतो.

मेकअपचं आधी बघू. १९८४ चा पहिला भाग चालल्यावर निर्मात्यांच्याही डोक्यात नेमकं हेच आलं होतं. चेहरा झाकलेलाच आहे, मग नटाला वेगळे पैसे कशाला मोजायचे? म्हणून १९८५ च्या दुसऱ्या भागात एका एक्स्ट्राला रबरी मुखवटा चढवून त्यांनी शूटिंग सुरू केलं. शॉट पाहिले आणि मुकाट्यानं एन्ग्लंडला परत बोलावलं. मजकूर लिहिणाऱ्यानं आज जो शोध लावलाय, तो त्यांनी तेव्हाच स्वतःच्या खिशातून करून पाहिला होता.

एक्स्ट्राला काय जमलं नाही? फ्रेडीचा उजवा खांदा बघा. बोटांना सुऱ्या लावलेल्या पंजाच्या वजनानं तो जरा खाली झुकलेला असतो, पाय फाकलेले, जणू आता पिस्तूल काढणारा काउबॉय. पंजा जड लागतो म्हणून खांदा पडू दिला आणि त्यातून ही उभं राहण्याची ढब आली, असं एन्ग्लंडनं स्वतः सांगितलंय. शिवाय तो सरसकट मुखवटा नव्हताच. जळलेल्या कातडीचे सुटे तुकडे चेहऱ्यावर चिकटवायला तासन्‌तास लागत, आणि ते चिकटवलेले असल्यामुळे खालचा गाल, ओठ हलले की वरचेही हलत. हलवायचे मात्र नटानंच!

पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा, म्हणजे देवादानवांचे मुखवटे चढवून नाचायचा उत्सव, पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तेच सोंग, तोच संबळ, तीच पिपाणी. नाचवणारा बदलला की रावण एकदम गरीब दिसायला लागतो.

२०१० च्या नव्या आवृत्तीत फ्रेडी होता जॅकी अर्ल हेली, ऑस्करचं नामांकन मिळवलेला कसलेला नट. सिनेमानं पैसे कमावले, तरी त्याचा पुढचा भाग काही निघाला नाही. हेलीला मी दोष देणार नाही, पटकथाच लंगडी होती.

आता करिअर खाल्ल्याची गोष्ट. फ्रेडीच्या आधी एन्ग्लंड दहा वर्षं सिनेमात होता. १९७६ च्या 'स्टे हंग्री'त तर त्याच्यासोबत जेफ ब्रिजेस आणि श्वार्झनेगर होते. १९८३ च्या 'व्ही' या मालिकेत तो विली नावाचा परग्रहवासी होता, भोळा, चुकतमाकत इंग्रजी बोलणारा. लोकांना तो आवडला होता. म्हणजे फ्रेडी झाला तो काही रिकामा बसलेला नट नव्हता. नंतर त्यानं २००३ पर्यंत आठ सिनेमांत फ्रेडी केला, मध्येच १९८८ मध्ये '९७६-ईव्हिल' दिग्दर्शित केला, 'द बॅटमन' या कार्टूनमध्ये रिडलर या खलनायकाला आवाज दिला. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये तो व्हिक्टर क्रील झाला, स्वतःचे डोळे फोडून घेतलेला म्हातारा कैदी. तिथे डोळ्यांनी अभिनय करायची सोय नव्हती. जे काही आहे ते आवाजात आणि मानेच्या वळण्यात.

शिक्का बसला, हे खरं. १९८९ मध्ये त्याला घेऊन काढलेला 'फँटम ऑफ द ऑपेरा' आपटला, आणि मोठ्या सिनेमांचा नायक तो कधीच झाला नाही. पण नायक होणार होता आणि फ्रेडीनं वाट अडवली, असं म्हणायला आधार काय? दहा वर्षं तो मित्र, सहकारी, गावगुंड असलीच कामं करत होता. फ्रेडीमुळे पोस्टरवर आला.

राहिला पोरांना दिलेला सल्ला. सायखेडकर नाट्यगृहात एका प्रयोगात राक्षस केला म्हणून कुणावर शिक्का बसत नाही. तेवढे प्रेक्षक तरी येतात का? भूमिका मिळाली तर घ्या. फक्त मुखवटा रंगीत तालमीच्या दिवशी हातात देणाऱ्या दिग्दर्शकाशी भांडा आणि तो पहिल्या आठवड्यातच मागून घ्या.