जड तलवार म्हणजे खरी तलवार नव्हे

मध्ययुगीन युरोपीय तलवारीची पहिली चांगली प्रतिकृती घ्यायची असे कुणी म्हटले की एक सल्ला हमखास पुढे सरकवला जातो. "खरी तलवार जड असते. स्टेनलेस स्टीलची घ्या, गंज चढत नाही. फुल टँग आहे ना, एवढे बघा. पात्याला रक्त वाहून जायला खाच हवी. जमले तर दमास्कसच घ्या. आणि धार लावलेलीच घ्या, बोथट म्हणजे खेळणे." मी पहिली तलवार याच सल्ल्यावर घेतली होती. आज यातले एकही वाक्य मला जसेच्या तसे मान्य नाही.

वजनाचा गैरसमज सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महागात पडणारा. संग्रहालयांत जपलेल्या मूळ तलवारी तोलल्या तर एकहाती तलवार साधारण १ ते १.४ किलो भरते. दोन्ही हातांनी धरायची लाँगस्वोर्ड बहुधा १.२ ते १.८ किलो. यापेक्षा बऱ्याच जड तलवारीही होत्या, पण त्यांतल्या अनेक मिरवणुकीत मानाने पुढे धरून न्यायच्या होत्या. काचेआड ठेवलेली तसली तलवार पाहून लढाईच्या तलवारीचा अंदाज बांधला की गणित बिघडते. माझी पहिली लाँगस्वोर्ड अडीच किलोच्या आसपास होती. वार घालणे जमायचे, थांबवणे जमायचे नाही. टोक पुढे निघून जायचे आणि मनगट त्याच्यामागे ओढले जायचे. दहा मिनिटांत कोपर दुखायला लागायचे. दिवसभर बाळगायचे आणि प्रसंगी जिवावर बेतल्यावर चालवायचे हत्यार कुठलाही लोहार असे घडवणार नाही.

पण नुसते "हलकी घ्या" म्हणूनही भागत नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. वजन किती यापेक्षा ते पात्यावर कुठे आहे, यावर तलवार ठरते. अस्सल पाते परजेपाशी, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या दांडीपाशी, जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. मुळाशी पाच-सहा मिलिमीटर, टोकाच्या अलीकडे दोन-तीन मिलिमीटर, असे उतार पुष्कळ मूळ पात्यांवर सापडतात. स्वस्त प्रतिकृतीत हा उतार नसतो, कारण सपाट पट्टी कापून कडा घासल्या की काम झाले. फोटोत दोन्ही पाती सारखी दिसतात. हातात घेतली की सपाट पट्टी लोखंडी गजासारखी लोंबते आणि उतार दिलेले पाते मनगटाबरोबर वळते. म्हणून विकणाऱ्याला तीन जागांची जाडी विचारा: परजेपाशी, मधोमध आणि टोकाच्या वीतभर अलीकडे. जो हे तीन आकडे देत नाही, त्याच्याकडून पहिली तलवार घेऊ नका. स्वीडनचे तलवारकार पीटर जॉन्सन संग्रहालयांतल्या मूळ तलवारी प्रत्यक्ष मोजतात, आणि त्या अभ्यासावर त्यांनी अमेरिकेतल्या अल्बियन या तलवारी बनवणाऱ्या कंपनीसाठी तलवारी आखल्या. उच्च दर्जाची प्रतिकृती म्हणतात ती या मापांमुळे, चकाकीमुळे नव्हे.

तोलाचा बिंदू, म्हणजे बोटावर ठेवली की तलवार जिथे तोलून राहते ती जागा, परजेच्या जितका जवळ तितके चांगले, असेही या सल्ल्याला जोडून सांगतात. तेही अर्धवट आहे. तलवारींचे अभ्यासक इवर्ट ओकशॉट यांनी मध्ययुगीन तलवारींचे दहा ते बावीस असे प्रकार पाडले आणि ते रोमन आकड्यांनी लिहिले. त्यातला तेरावा प्रकार रुंद पात्याचा, कापण्यासाठी. त्याचा भार पुढे असतो आणि तो असायलाच हवा. पंधरावा टोकाकडे निमुळता होत जातो, कारण पत्र्याचे चिलखत वाढल्यावर सांध्यांच्या फटींत भोसकणे महत्त्वाचे झाले. त्याचा तोल मुठीकडे येतो. तेव्हा आधी शतक आणि प्रकार ठरवा. तोल त्याच्या मागून येतो. तेराव्या शतकाची तलवार हवी आणि ती पंधराव्या शतकातल्यासारखी चपळ हवी, असा हट्ट धरणारा प्रत्येक तलवारीवर नाराज होतो.

स्टेनलेस स्टील हे विसाव्या शतकाचे पोलाद. हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्डमध्ये ते १९१३ साली ओतले. सुरीसाठी उत्तम आहे. पण पाऊण-एक मीटर लांबीच्या पात्याला वाकून पुन्हा सरळ व्हावे लागते, आणि भिंतीवर टांगायच्या तलवारींत वापरतात ते नेहमीचे स्टेनलेस अशा ताणाखाली तुटू शकते. तुटलेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. १०७५, ५१६०, ६१५० अशा क्रमांकांची पोलादे बघा, आणि त्यांना पाणी नीट दिले आहे का ते विचारा. गंजाची भीती मोठी करून सांगितली जाते. हाताळून झाल्यावर बोटांचे ठसे पुसायचे, तेलाचा पातळ हात फिरवायचा, आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवायची नाही. एवढे केले तर पाते टिकते.

टँग म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा भाग. "फुल टँग" हा शब्द सुरीच्या जगातून आला आहे. मुठीइतक्या रुंद टँगवर दोन बाजूंनी लाकूड रिव्हेटने ठोकायचे, ही रचना मेसर या सुरीसारख्या जर्मन तलवारीत दिसते. एरवीच्या मध्ययुगीन तलवारीचा टँग निमुळता होत लाकडी मुठीतून जातो, पॉमेलमधून, म्हणजे मुठीच्या शेवटच्या गोळ्यातून, बाहेर येतो आणि तिथे ठोकून फुलवलेला असतो. तो निमुळता आहे म्हणून कमजोर ठरत नाही. धोका वेगळाच असतो. माझ्या तलवारीचे पॉमेल तिसऱ्या आठवड्यात टकटक वाजू लागले. खोलून पाहिले तर रुंद पाते परजेच्या आत दोन बोटांवर संपले होते आणि पुढे पेन्सिलीएवढी आटे पाडलेली कांब झाळून जोडली होती. झाळीच्या कडेला केसासारखी भेग होती. ती भेग पाहिल्यावर मी ती तलवार पुन्हा फिरवली नाही. तेव्हा प्रश्न असा विचारा: टँग पात्याच्याच पोलादाचा आहे का, आणि खांद्याशी, म्हणजे पाते अरुंद होऊन टँग सुरू होतो तिथे, कोपरे गोलसर आहेत का? काटकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते. पॉमेल नटने आवळलेले असले तरी चालते, टँग भक्कम हवा.

खाचेचा रक्ताशी संबंध नाही. मधले पोलाद काढले की पाते हलके होते आणि ताठपणा फारसा जात नाही, म्हणून ही पन्हळ. पंधराव्या प्रकाराच्या पुष्कळ पात्यांना ती नसतेच, मधोमध कणा असतो.

दमास्कस म्हणून आज जे विकतात ते बहुतेक वेळा थर जोडून, तेजाबाने नक्षी उठवलेले पोलाद असते. युरोपात नक्षीदार जोडकामाची पाती व्हायकिंग काळात आणि त्याआधी होती, पुढे मागे पडली. चौदाव्या शतकाच्या तलवारीवर ती नक्षी विजोड दिसते, आणि जोड कच्चा राहिला तर तो नक्षीखाली लपतो.

धारेबाबत मात्र मी कठोर आहे. धार लावलेली तलवार कापण्याच्या सरावासाठी. ती घेऊन समोर माणूस उभा करायचा नाही, अगदी हळू सरावालाही नाही. जोडीने सराव करणार असाल तर पहिली खरेदी बोथट, लवचिक, टोक गोल केलेल्या सराव-तलवारीची करा, आणि तिच्याआधी तोंडावरचा मास्क घ्या.