नोबेलच्या पेशी आणि इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांत सध्या एक संदेश फिरतो आहे. २०२५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा हवाला देऊन त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: हा मधुमेह प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे होतो, शरीरातल्या ‘रक्षक पेशी’ संपतात म्हणून तो होतो, काढे घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली की या पेशी पुन्हा वाढतात, आणि त्या वाढल्या की इन्सुलिन कायमचे सुटते. एका आईने नऊ वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून तो मला दाखवला आणि विचारले, “मॅडम, हे खरं असेल तर हिच्या रोजच्या चार सुया तरी वाचतील हो.” मुलीच्या पोटावर एकाच जागी सुई टोचून टोचून आलेली गाठ हाताला लागत होती. तिच्या आईची आशा मला पूर्ण समजते, आणि म्हणूनच या आशेला चुकीच्या वाटेने नेणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा प्रतिकारशक्तीचा. टाइप १ मधुमेहात प्रतिकारशक्ती दुबळी झालेली नसते; ती आपल्याच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर उलटलेली असते. या हल्ल्याची खूण असलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) शुगर वाढण्याच्या कित्येक महिने, अनेकदा कित्येक वर्षे आधीपासून रक्तात सापडतात. याचा सर्वांत बोलका पुरावा कर्करोगाच्या उपचारांतून मिळाला आहे. प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवून तिला कर्करोगाच्या गाठीवर सोडणारी काही औषधे आज सर्रास वापरली जातात, आणि ती घेणाऱ्या शंभरांतल्या एखाद्या रुग्णाला, पूर्वी मधुमेहाचा मागमूस नसताना, अचानक इन्सुलिनवर जावे लागते. लगाम सुटल्याने जो आजार उद्भवू शकतो, तो शक्ती कमी पडल्याचा आजार कसा म्हणायचा?

दुसऱ्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. संदेशातल्या ‘रक्षक पेशी’ म्हणजे नियामक टी-पेशी; टी-पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. त्या जंतूंशी लढत नाहीत. लढणाऱ्या इतर पेशींना आवरणे हे त्यांचे काम. जन्मून तीन दिवस झालेल्या उंदरांची थायमस ही टी-पेशी घडवणारी ग्रंथी काढली की त्यांच्या प्रतिकारपेशी स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करू लागतात, आणि निरोगी उंदरांच्या टी-पेशी दिल्या की तो हल्ला रोखता येतो, या निरीक्षणाचा माग काढत जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवून दिली. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्स-पी-थ्री हे जनुक शोधले. २०२५ चे नोबेल मिळाले ते या तिघांनाच. या जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलग्यांत या पेशी घडतच नाहीत किंवा निकामी असतात, आणि त्यांतल्या अनेकांना तान्हेपणीच मधुमेह होतो. नियामक पेशी मधुमेहापासून आपले रक्षण करतात, याचा माणसातला इतका थेट पुरावा दुसरा नाही.

पण तो आजार अतिशय दुर्मीळ आहे. आपल्या आसपासच्या टाइप १ च्या मुलांच्या रक्तात या पेशी मोजल्या, तर त्यांची संख्या बहुधा निरोगी मुलांइतकीच भरते. बिघाड असतो तो कामात: इंटरल्युकिन-२ या पोषक प्रथिनाला त्या नीट प्रतिसाद देत नाहीत, आणि हल्ला करणाऱ्या पेशीही त्यांचा धाक मानेनाशा होतात. म्हणजे ‘पेशी संपल्या, त्या वाढवा’ हे निदानच चुकीचे आहे.

काढ्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कोणत्याही काढ्याने माणसात नियामक पेशी वाढून मधुमेह आटोक्यात आल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. प्रतिकारशक्ती सरसकट चेतवली, तर हल्लेखोर पेशीही चेततात. याच कारणाने संशोधक नियामक पेशींसाठी इंटरल्युकिन-२ देऊन पाहतात तेव्हा मात्रा मुद्दाम अगदी कमी ठेवतात. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत स्वप्रतिकारासारखी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटल्यासारखी लक्षणे असलेली यकृताची इजा आढळल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवे. तरीही ज्या मुलाची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटली आहे, त्याच्यावर असा प्रयोग मी कधीही होऊ देणार नाही.

आता सर्वांत घातक मुद्दा, इन्सुलिन सुटण्याचा. नियामक पेशींचा उपचार म्हणून वापर खरोखर करून पाहिला गेला आहे: रुग्णाच्याच रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत त्यालाच द्यायच्या. अमेरिकेत १४ प्रौढांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि उपचार सुरक्षित दिसला. त्यानंतर नव्याने निदान झालेल्या मुलांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा स्वतःचे इन्सुलिन टिकवण्यात या पेशींचा प्लासिबोपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषधविरहित डोसापेक्षा, जास्त उपयोग झाला नाही. टेप्लिझुमॅब हे टी-पेशींवर काम करणारे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाले. तेही आजार उघड होण्यापूर्वी द्यायचे असते, आणि मूळ चाचणीत त्याने मधुमेह साधारण दोन वर्षे लांबवला. हे मोठे यश आहे, पण ज्यांचे इन्सुलिन सुरू झाले आहे त्यांची सुई त्याने सुटत नाही.

मग ‘आमच्या मुलाचे इन्सुलिन सुटले’ असे सांगणारे पालक खोटे बोलतात का? बहुतेक वेळा नाही. निदानानंतर इन्सुलिन सुरू झाले की उरलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते, आणि काही आठवडे किंवा महिने इन्सुलिनची गरज खूप घटते, क्वचित जवळजवळ शून्यावर येते. डॉक्टर याला हनिमून काळ म्हणतात. नेमका याच काळात घरात काढा सुरू झालेला असतो आणि श्रेय त्याला जाते. हा काळ संपतोच. तेव्हा इन्सुलिन बंद असेल, तर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोराचा श्वास सुरू होतो. घरचे ‘पोट बिघडलंय’ म्हणून थांबतात, आणि मूल बेशुद्धावस्थेत अतिदक्षता विभागात पोहोचते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला उलट्या होऊ लागल्या तर शुगर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) ताबडतोब तपासावेत, आणि मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नये.

सुया वाचतील, असे मी त्या आईला सांगू शकले नाही. गाठीत टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही आणि शुगर वरखाली होते, हे मात्र तिला सांगितले, आणि रोज जागा कशी बदलायची ते मुलीच्याच हातात इन्सुलिनचे पेन देऊन शिकवले.