साठीनंतर जिना सोडा म्हणे!

ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. साठीनंतर जिने चढू नका, वजन उचलू नका, गुडघे झिजतात. रोज 10,000 पावलं चाला, उरलेल्या वेळात शब्दकोडी सोडवा, विस्मरण जवळ फिरकणार नाही. वर ठळक अक्षरांत ‘डॉक्टरांचा सल्ला’. कोणत्या डॉक्टरांचा, ते नाही.

गुडघा काही स्कूटरचा टायर नाही, फिरला तितका झिजला असा. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते त्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हाच आतल्या वंगणातून तिचं पोषण होतं. मांडीचे स्नायू दणकट असले की बराचसा भार तेच पेलतात, आणि जिना सोडला की आधी तेच जातात. गुडघा सुजला असेल तर खुशाल लिफ्ट वापरा, डॉक्टरांना दाखवा. काही दुखत नसताना कशाला?

वजनाची भीती तर फारच महागात पडते. 1990 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते. फॉरवर्डमध्ये तोलाचं नावही नाही. म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडूनच!

जिमचं नाव काढलं की अंगावर काटा येत असेल तर गच्चीवर बाग करा. पाच लिटरची झारी भरली की पाच किलो झाले. ती नळाखालून उचलायची, ओल्या फरशीवरून न सांडता शेवटच्या कुंडीपर्यंत न्यायची, वाकून ओतायची. पकड, कंबर, तोल, सगळं आलं. मंगळागौरीचा झिम्माही चालेल, सुनांनाच का सोडायचा?

10,000 चा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला. सरासरी 72 वर्षांच्या बायकांवरच्या 2019 च्या अभ्यासात 4,400 पावलांपासूनच फायदा दिसला, 7,500 च्या पुढे तो फारसा वाढला नाही. पार्किंगमध्ये रात्री घिरट्या घालून आकडा पुरा करणाऱ्यांनी झोपायला जावं.

शब्दकोडी सोडवा की, मजा येते. त्यांनी शब्दकोडी चांगली सुटायला लागतात, स्मृतिभ्रंश टळेल याची हमी नाही. कमी ऐकू येणं हा मात्र स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका आहे, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा तज्ज्ञ आयोग 2017 पासून सांगतोय. त्यावर फॉरवर्ड नाही, आणि कानाचं यंत्र कपाटातच पडून असतं.