समुद्र पाहिलेला माणूस

सुट्टीवर आलो की लिफ्टमध्ये पहिला प्रश्न ठरलेला. "काय मग, सहा महिने नुसता समुद्रच समुद्र ना?" मी "हो" म्हणतो. चौथ्या मजल्यापर्यंत खरं सांगून होत नाही.

मी नौदलात आहे हे खरं. जहाज एडनच्या आखातात होतं हेही खरं. ऑक्टोबर २००८ पासून चाच्यांच्या बंदोबस्ताला आपली जहाजं पाळीपाळीने तिकडे जातात, त्यातलीच ही एक पाळी. जहाजाचं नाव विचारू नका, सांगितलं तर पुढची सुट्टी मिळायची नाही. पण मी इंजिन रूमवाला. आमच्या बोलीत स्टोकर. कोळसा गेला, फावडं गेलं, नाव तेवढं राहिलं. ड्युटीवर असताना माझ्यात आणि अरबी समुद्रात फक्त एक पोलादी पत्रा असतो. आणि पत्र्यातून दिसत नाही.

आमचं ऐरोलीचं घर घेताना बिल्डरने 'क्रीक व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे लावले होते. किचनच्या खिडकीतून मान वाकडी केली की दोन इमारतींच्या फटीत बोटभर खाडी दिसते. सहा महिन्यांचा हिशेब मांडला तर बायकोने चपात्या लाटता लाटता माझ्यापेक्षा जास्त पाणी पाहिलंय. पगार मात्र मला.

चार तासांची वॉच. कानांवर मफ, अंगात डांगरी, आणि आत उकाडा असा की मे महिन्यात दुपारी दोनची ठाणे–वाशी लोकल एसी वाटावी. दर तासाला वही घेऊन फिरायचं आणि आकडे लिहायचे: ल्यूब ऑइलचं प्रेशर, थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान, एक्झॉस्टचं तापमान. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. मूठ तोंडाशी नेली की चहा, मनगटावर टिचकी मारली की 'बदली अजून आली नाही?'. त्यात रात्री बारा ते चार ही वॉच म्हणजे ना काल, ना आज. नौदलाने एक शहाणपणा केलाय. रोज तीच माणसं त्याच वेळेला अडकू नयेत म्हणून संध्याकाळची चार ते आठ ही वॉच मधोमध फोडलीय. तिला डॉग वॉच म्हणतात. सहाच्या सात वॉच होतात आणि पाळी आपोआप सरकते. भांडी घासायला हीच पद्धत लावू या असं मी घरी सुचवलं. "अहो, आधी एक तरी वॉच करा," बायको म्हणाली.

चाच्यांचं मात्र सगळ्यांना ऐकायचं असतं. सोसायटीच्या चेअरमन काकांनी तर शिवरायांनी कल्याणला आरमार उभारलं तिथून प्रस्तावना बांधली, दोन खुर्च्या ओढल्या आणि म्हणाले, "बोल." मी बोललो. एके दिवशी दुपारी वरून हुकूम आला, वेग वाढवा. आम्ही वाढवला. वीस मिनिटांनी हुकूम आला, वेग कमी करा. आम्ही केला. संध्याकाळी मेसमध्ये वरच्या पोरांकडून कळलं की शिडी घेऊन येणारे चाचे म्हणून ज्यांच्यामागे धावलो ते मासे धरायला निघालेले गरीब कोळी होते. "मग?" काकांनी विचारलं. "मग जेवलो," मी म्हटलं. "राजमा होता." काकांनी एक खुर्ची परत ठेवली.

जेवणाचं सांगायचं तर पालेभाजी पहिल्या काही दिवसांतच संपते. मग कोबी, मग कांदे-बटाटे, मग डबे. कोथिंबीर तर स्वप्नातच यायला लागते. घरी आल्यावर पहिल्या सकाळी पोह्यांवर हिरवं भुरभुरलेलं पाहून मी ताट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसाच बसलो. आईला वाटलं पोहे आंबलेत.

घरी फोन करायला जहाजावर सॅटेलाइट फोन. मिनिटं मोजून मिळतात, रांग मागे उभी असते, आणि आवाज जरा उशिरा पोचतो. त्यामुळे दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प बसतात, मग दोघं एकदम "तू बोल" म्हणतात. घड्याळं अडीच तास मागे केलेली, म्हणून माझा निवांतपणा आणि तिची फोडणी यांची गाठ नेमकी पडायची. एकदा आठ दिवसांनी नंबर लागला आणि मी ऐकलं ते एवढंच: "ठेवते हां, भाजी लागतेय." ती भाजी कोणती, यावर मी बारा ते चारची एक अख्खी वॉच काढली. दोडका निघाला.

खरा त्रास परत आल्यावर सुरू होतो. निघालो तेव्हा पावसाळा सरला नव्हता आणि जहाज गाईच्या शेपटीसारखं हलत होतं. बंकमधून पडू नये म्हणून आम्ही गादीच्या कडेखाली लाइफ जॅकेट खुपसतो आणि भिंतीशी चेपून झोपतो. ते अंगवळणी पडलं. घरचा पलंग हलेचना, म्हणून मला झोप येईना. तिसऱ्या रात्री बायकोला जाग आली तर मी किचनमध्ये फ्रिजच्या पाठीवर तळवा टेकवून उभा.

"अहो, काय करताय?"

"राउंड."

"मग?"

"कॉम्प्रेसरचा रबर बूश गेलाय."

खरंच गेला होता. पण रात्री साडेतीनला कौतुक कोण करणार?

पाण्यावरून तर रोजची भांडणं. जहाजावर गोडं पाणी समुद्राचं खारं पाणी गाळून बनवावं लागतं. नळ सोडा, भिजा, बंद करा. साबण लावा. सोडा, धुवा, बंद. दोन मिनिटांत अंघोळ. घरी मी लेकीच्या अंघोळीला दाराबाहेर घड्याळ घेऊन उभा राहायला लागलो. "महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे," बायकोने सुनावलं, "ते तुम्ही एकट्याने भरायचं नाहीये." खाली एक गृहस्थ पाइप लावून गाडी धुताना दिसले, तेव्हा तिनेच मला दंड धरून वर आणलं.

शेवटी लेकीने ठरवलं की बाबांना पाणी दाखवायचं. मार्च होता, खाडीत फ्लेमिंगो आले होते. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत घेतलं, हे सगळं तिने शाळेच्या प्रोजेक्टमधून मला पाठ करून ऐकवलं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, तीही भरती-ओहोटी बघून. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी मी रांगेत हजर होतो. बाकीचे ऐरोलीच्या वेळेने आले.

केशरी लाइफ जॅकेट चढवून बसलो. खारफुटी मागे पडली, लोकांनी मोबाइल वर धरले, "ते बघ, ते बघ" सुरू झालं. मी इंजिनापाशी होतो. आउटबोर्ड इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडायला हवी. ती पडतेय म्हणजे थंड करणारं पाणी आत फिरतंय. इथे ती मधेच तुटत होती. गाळाचं पाणी, कचरा अडकला असणार. मी मनात मोजायला लागलो: किती सेकंद धार, किती सेकंद नुसते थेंब.

"बाबा, पक्षी तिकडेयत!"

"हो, एक मिनिट."

बोटवाला दादा मघापासून माझ्याकडे बघत होता. खाली मान, चेहरा ताणलेला, हात इंजिनाच्या कव्हरवर. तो बायकोकडे वाकून हळूच म्हणाला, "ताई, साहेब घाबरलेत का? पहिल्यांदाच बसलेत वाटतं बोटीत."

"बोटीत नाही हो," ती म्हणाली. "बोटीच्या वर बसायची पहिलीच वेळ आहे."