यादी करायला बसलो

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या दहा सर्वोत्तम गाण्यांची क्रमवारी लावायची एवढेच काम होते आणि ते जेवणानंतर अर्ध्या तासात उरकेल असे मला वाटले, यावरूनच माझी जाण किती ते ओळखावे. बैठकीला आम्ही चौघे होतो: मोठा दादा, भावोजी, त्यांची एकोणीस वर्षांची लेक म्हणजे माझी भाची, आणि अक्षर बरे आहे या एकमेव गुणावर ज्याच्या हाती कागद-पेन देण्यात आले तो मी. वादात ज्याच्या हाती पेन त्याचा शब्द अखेरचा, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात पेनवाल्याचे कोणी ऐकतच नाही, कारण तो लिहिण्यासाठी बसलेला असतो, बोलण्यासाठी नव्हे.

दादाविषयी आधी थोडे सांगायला हवे. लोकप्रियता हा गाण्याला जडणारा रोग आहे, असे त्याचे मत आहे. १९७९ च्या नाताळात ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता, एवढ्या पुराव्यावर त्याने ते गाणे चर्चेला न घेताच बाद केले. बँडच्या सगळ्या कार्यक्रमांत त्याचा लाडका कोणता, तर १९७१ साली पॉम्पेईच्या प्राचीन रंगमंडलात चित्रित झालेला. आणि तिथे प्रेक्षक नव्हते, हेच त्या लाडाचे खरे कारण असावे, असा माझा जुना संशय आहे.

भांडणाची सुरुवात मात्र गाण्यांवरून झाली नाही. ती गाणे म्हणजे काय, यावरून झाली. दादाने पहिल्या क्रमांकावर ‘एकोज’ सांगितले. ‘मेडल’ या तबकडीची अख्खी दुसरी बाजू या एका गाण्याने व्यापली आहे, आणि ते तेवीस मिनिटांहून अधिक चालते. सुरुवातीला पाणबुडीतून यावा तसा पियानोचा एकच टोकदार स्वर येतो, तो आला की दादा डोळे मिटतो आणि पुढची तेवीस मिनिटे घरात कोणी खोकलेलेही त्याला चालत नाही. “मोठे मामा,” भाची म्हणाली, “हे गाणं संपेपर्यंत माझी अंघोळ होऊन केससुद्धा वाळतात.”

माझे पहिले गाणे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’. त्यावर दादाने लगेच हरकत घेतली. हे गाणे नऊ भागांचे आहे आणि १९७५ च्या तबकडीच्या आरंभी व शेवटी असे दोन तुकड्यांत विभागलेले आहे. तेव्हा एक तर याची दोन गाणी धरा नाहीतर नऊ, आणि नऊ धरल्यास माझ्या यादीत आता एकच जागा शिल्लक राहते, हे त्याने मला मोजून दाखवले. मीही मग पॉम्पेईचा चित्रपट त्याच्यापुढे ठेवला, कारण त्यात ‘एकोज’चेही दोन तुकडे करून एक आरंभी आणि एक अखेरीस लावला आहे. दादा क्षणभर गप्प झाला. (हा क्षण मी जपून ठेवला आहे.) मग म्हणाला, “ती कात्री दिग्दर्शकाची, बँडची नव्हे.”

भावोजींना नियम करण्याची हौस आहे. “हे पाहा, आधी निकष ठरवू,” असे म्हणत त्यांनी गायक बँडचा सदस्यच हवा, असा एक निरुपद्रवी वाटणारा नियम मांडला, आणि मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. या नियमाने रॉय हार्परने गायलेले ‘हॅव अ सिगार’ गेले, त्याचे कोणाला फारसे काही वाटले नाही. पण त्याच नियमाने ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ही गेले आणि भाची ताडकन उभी राहिली. क्लेअर टोरी नावाच्या बाहेरून बोलावलेल्या गायिकेने एकाही शब्दाचा आधार न घेता तो आक्रोश उभा केला, त्या दिवशी तिला ३० पौंड मिळाले, आणि सहरचनाकार म्हणून नाव लागायला २००५ साल उजाडावे लागले, हे सगळे तिने एका दमात सांगितले. “तेव्हा तिचं नाव नव्हतं, आणि आता बाबा, तुम्ही तिचं गाणंच काढताय?” नियमाचे आयुष्य चार मिनिटांचे ठरले. मी तो सुवाच्य अक्षरातच खोडला.

आपल्या गाण्याची बाजू मांडायची पाळी आली तेव्हा मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. ज्या सिड बॅरेटने बँड घडवला आणि ज्याला १९६८ मध्ये बँडमधून जावे लागले, त्याच्यावरच्या या गाण्याचे काम १९७५ च्या जूनमध्ये चालू असताना एक लठ्ठ, डोक्यावरचे केस आणि भुवया भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला, आणि तो खुद्द सिड आहे हे जुन्या सोबत्यांना काही वेळ ओळखताच आले नाही. सांगताना माझा आवाज नेहमीप्रमाणे ‘भुवया’ या शब्दावर दाटला. तेवढ्यात समोर लक्ष गेले, तर भाची माझ्याबरोबर ओठ हलवत होती. शब्द, विराम, दाटणे, सगळे तिला पाठ होते.

अखेर भावोजींनी गुणांची पद्धत काढली: प्रत्येकाने आपली दहा गाणी लिहावीत, पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, दहाव्याला एक. चिठ्ठ्या झाल्या, मी बेरीज केली, ती भावोजींनी तपासली, ती दादाने पुन्हा तपासली. पहिला क्रमांक ३३ गुणांनी ‘टाइम’ला मिळाला. एकाही चिठ्ठीवर ‘टाइम’ पहिले नव्हते. तिघांनी ते तिसरे लिहिले होते आणि एकाने दुसरे. भावोजींच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’ला त्यांचे दहा, भाचीचे नऊ आणि माझे नऊ मिळून २८ गुण होते, कारण दादाने ते दहांत घेतलेच नव्हते. “अहो, तुम्ही ते नुसतं पाचवं लिहिलं असतंत तरी चौतीस होत होते,” भावोजी म्हणाले. त्या स्वरात जन्मभराचे काहीतरी होते. दादा म्हणाला, “म्हणूनच नाही लिहिलं.”

‘टाइम’ची बाजू घ्यायला कोणीच नव्हते, म्हणून पेनवाल्याने ती घेतली. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधल्या या गाण्याच्या श्रेयात वॉटर्स, गिलमोर, राइट आणि मेसन या बँडच्या चौघाही सदस्यांची नावे आहेत, आणि चौघांची नावे एकत्र लागलेले ते त्यांचे शेवटचे गाणे, तेव्हा आपल्या चौघांचे ज्यावर नाइलाजाने का होईना एकमत झाले, ते हेच असावे हे रास्त आहे, असे मी म्हणालो. कोणी उत्तर दिले नाही. भाची एवढेच म्हणाली, “मग विजेतं गाणं लावा तरी.”

दादाने ते लावले, आणि कोणाच्याही यादीत न मिळालेला मान त्याला द्यायचा म्हणून की काय, आवाज भरपूर ठेवला. या गाण्याच्या आरंभी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केलेली असंख्य घड्याळे एकदम वाजू लागतात, हे आम्हा चौघांनाही पाठ होते. आतल्या खोलीत आई झोपली आहे, हे मात्र चौघांपैकी एकालाही आठवले नाही. घड्याळे वाजली. आतला दिवा लागला. दादा आवाज कमी करण्यासाठी धावला, पण बटण उलटे फिरवून बसला. मग घड्याळे थांबली आणि मेसनचे ढोल सावकाश सुरू झाले. या गाण्यातला पहिला शब्द यायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात आई दात घासून, केस विंचरून बाहेर आली आणि रात्रीच्या दीड वाजता आमच्याकडे कौतुकाने पाहत म्हणाली, “आज सगळे माझ्या आधी उठलात!”