खुलासा : गर्भाचे हिमोग्लोबिन आणि बिटाचा रस

‘सिकलसेलच्या रुग्णात गर्भाच्या हिमोग्लोबिनचे जनुक जन्मतः नष्ट होते, रोज बिटाचा रस घेतल्यास ते जागे होते,’ असा मजकूर सध्या मुंबईत व्हॉट्सॲपवर फिरत आहे. (नष्ट झालेले जागे कसे होणार, हे तूर्त बाजूला ठेवू.)

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार; त्यात सदोष ‘सिकल’ हिमोग्लोबिनच्या साखळ्या बनून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वस्तुतः गर्भाचे हिमोग्लोबिन, म्हणजे बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात मुख्यतः असणारे हिमोग्लोबिन, बनवण्यासाठी लागणारी गॅमा ग्लोबिन या प्रथिनाची दोन्ही जनुके ११व्या गुणसूत्रावर शाबूत असतात. जन्मानंतर त्यांचे काम मुख्यतः बीसीएल११ए हे प्रथिन दाबून ठेवते. गर्भाचे हिमोग्लोबिन सिकल हिमोग्लोबिनच्या साखळ्यांत गुंफले जात नाही, म्हणूनच ते भरपूर असेपर्यंत, म्हणजे पहिले काही महिने, बाळाला सहसा त्रास होत नाही. भारतातील बऱ्याच रुग्णांत अरब-भारतीय हॅप्लोटाइपमुळे (एकत्रच वारशाने येणाऱ्या जनुकीय बदलांच्या संचामुळे) गर्भाच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मुळातच अधिक असते, तरी वेदनेचे झटके येतातच.

हे प्रमाण हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वाढते. २०२३च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्रावरील) उपचारपद्धती रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींमध्ये बीसीएल११एच्या जनुकाचा वर्धक भागच (त्याचे काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) निकामी करून तेच साधते. बिटाला हे जमत नाही. उलट बिटाने लघवी लालसर होऊ शकते, आणि सिकलसेलमध्ये मूत्रपिंडातून खरोखरच रक्त जाऊ शकत असल्याने तो रंग पाहून रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही फसगत होण्याचा संभव असतो.